मानाच्या पदकावर नाव कोणाचे?

ब्रिटनच्या राजाने १९१७ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा सन्मान सुरू केला. साम्राज्य केव्हाच मावळले, पण सन्मानाच्या नावात ते अजून ठाण मांडून आहे. ते नाव बदलावे की नाही, हा वाद तिकडे अधूनमधून पेटतो. भंडाऱ्यात बसून आपण त्यावर का बोलायचे, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर इथून साठेक किलोमीटरवर, नागपुरात आहे.

१८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीवर भोसल्यांचे सैन्य आणि कंपनीची फौज यांची गाठ पडली. डिसेंबरात नागपूर पडले. आपला हा मुलूख तेव्हा भोसल्यांच्याच राज्यात होता. जिंकलेल्या पलटणींना 'सीताबर्डी' आणि 'नागपूर' या नावांचे युद्धसन्मान मिळाले. त्या पलटणींत लढलेले शिपाई बहुतेक हिंदुस्थानीच होते. स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला, की आपल्याच मुलखाच्या पाडावाचा मान निशाणावर मिरवायचा का? भारतीय सेनेने ठरवले, की देश जिंकून घेणाऱ्या लढायांचे सन्मान मिरवायचे नाहीत. इतिहासात त्यांची नोंद राहिली, निशाणावरून ते उतरले. मला हा निर्णय अतिशय शहाणपणाचा वाटतो.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. आहेराच्या भांड्यावर नाव घालतात ते देणाऱ्याचे. पातेले पुढे कितीही हातांत फिरो, ते कोणी दिले हे काठावर वाचता येते. पदकाचेही तसेच आहे. कर्तबगारी घेणाऱ्याची, पण नाव देणाऱ्याचे. म्हणून देणारा बदलला की नावही बदललेच पाहिजे.

आपल्या लोकांना हे फार आधी कळले होते. गांधीजींनी १९२०च्या ऑगस्टमध्ये 'कैसर-ए-हिंद' पदक परत केले. त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव पक्का झाला आणि सरकारी पदव्या सोडणे हा त्याचा एक भाग होता. अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष वर्ध्याचे जमनालाल बजाज. त्यांनीही आपली 'रायबहादूर' ही पदवी सोडून दिली. ज्या काळात त्या पदवीने कचेरीत खुर्ची मिळायची, त्या काळात ती सोडणे सोपे नव्हते.

स्वतंत्र भारताने संविधानाच्या अठराव्या कलमाने पदव्याच बंद केल्या. १९५४ साली 'भारतरत्न' आणि 'पद्म' सन्मान आले, ते नावापुढे लावायच्या पदव्या म्हणून नव्हेत. पद्म सन्मानांचे आधी पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री ही नावे मिळाली. अशोकचक्राचे तीन वर्ग होते, त्यांतल्या दोघांना १९६७ साली कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र म्हटले गेले. नावे बदलली म्हणून कोणाचे शौर्य उणे झाले नाही.

परमवीर चक्र जवळून पाहावे. काशाचे वाटोळे पदक, मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे, वर जांभळी फीत. त्याची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने त्या युरोपातल्या, लग्न मराठी लष्करी अधिकाऱ्याशी झाले. त्या पदकावर कुठल्याही राजाचा मुकुट नाही.

आता खरी अडचण. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर 'व्हिक्टोरिया क्रॉस' मिळाला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना १९४५च्या इटलीतल्याच लढाईसाठी तोच मान मिळाला. राणीचे नाव आहे म्हणून त्यांचे शौर्य आपण झाकून ठेवायचे का? मुळीच नाही. माणगावात घाडग्यांचा पुतळा उभा आहे, तो योग्यच आहे. दिलेले पदक ज्या नावाने दिले त्याच नावाने नोंदले जावे. नाव बदलायचे ते यापुढे द्यायच्या सन्मानाचे.

ब्रिटनला हा मार्ग ठाऊक आहे. २००३ साली कवी बेंजामिन झेफानाया यांनी 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा सन्मान नाकारला. 'एम्पायर' या शब्दातून त्यांना आपल्या पूर्वजांची गुलामी आठवत होती. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेच्या समितीने 'एम्पायर'च्या जागी 'एक्सलन्स', म्हणजे गुणवत्ता, हा शब्द सुचवला. इंग्रजी आद्याक्षरेसुद्धा तीच राहिली असती. सरकारने ते मानले नाही.

गौरव करणाऱ्याने असा गौरव द्यावा, की तो घेताना माणसाला आपल्या आजोबा-पणजोबांकडे पाठ फिरवावी लागू नये. भोसल्यांचे राज्य बुडालेले पाहिलेल्या या मुलखातून एवढे मागणे रास्त आहे. 'एम्पायर' हा शब्द गेला पाहिजे, आणि तो ब्रिटनने स्वतःहून काढला तर त्यात ब्रिटनचीच शोभा आहे.