मांडवाला छप्पर नको

मुंबई इलाख्याचे १९०३ ते १९०७ या काळातील गव्हर्नर लॅमिंग्टन यांचे नाव वागवणाऱ्या हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर उभे राहिले असता, दुकानांच्या त्या अखंड रांगांमागे कोठे एखादे परसू असेल, अशी शंकाही मनास शिवत नाही. तथापि मागच्या बोळांत, जुन्या घरांच्या पाठीशी, विहीर आणि तुळशीवृंदावन यांच्यामध्ये थोडी उघडी जमीन अजून शिल्लक आहे. तिचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर हल्ली ठरून गेले आहे: फरशी घालावी, लोखंडी खांब उभारावे, वर पत्रा चढवावा आणि त्या इमल्यास पर्गोला म्हणावे. या तजविजीस माझी स्पष्ट हरकत आहे. परसात मांडव अवश्य घालावा, तो स्वतः आखावा, शक्य तितका स्वतःच्या हातांनी बांधावा. परंतु तो वेलीकरिता असावा, पत्र्याकरिता नव्हे.

पर्गोला हा शब्द इटालियन असला तरी ती वस्तू आपल्याला परकी नाही. जाईजुईचा मांडव आपल्या घरांना ठाऊक आहे, आणि नाशिक-तासगावकडील द्राक्षबागाईतदारांची मंडप पद्धत म्हणजे खांब आणि तारा यांच्या आधाराने वेलीला माथ्यावर पसरू देण्याचीच विद्या होय. आमचे कानडी शेजारी मांडवालाच ‘चप्पर’ म्हणतात. मराठीत छप्पर म्हटले की सर्व बाजूंनी शाकारलेले आच्छादन डोळ्यांपुढे येते. माझा वाद आहे तो या दुसऱ्या अर्थाशी.

प्रथम उन्हाचा विचार करावा. हुबळी सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टच्या पूर्वार्धात माध्यान्हीचा सूर्य येथे थेट माथ्यावर येतो. अशा वेळी नुसत्या लाकडी पट्ट्यांची सावली ती काय पडणार? पत्रा सावली देतो खरा, परंतु तो स्वतः तापून खालच्या माणसावर उष्णता ओततो. पाने मात्र बाष्प सोडून स्वतः निवतात आणि सभोवतालची हवाही निववतात. पश्चिमेकडचे ऊन तिरपे येते, म्हणून त्या बाजूस उभी जाळी करून तीवरही वेल चढवावा. दक्षिण बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे पौषातला कलता सूर्य दुपारीही आत येऊन बसणाऱ्यांच्या अंगावर पडेल.

दुसरा विचार वाऱ्याचा. एप्रिल-मेमधील वळिवाच्या झोताला विरळ मांडव वाट देतो. पत्रा त्याला अडवतो, शिडासारखा फुगतो, आणि खिळ्यांसकट उखडून शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो.

तथापि मांडवाची खरी परीक्षा जमिनीखाली होते. धारवाडच्या पश्चिमेस तांबडी माती लागते, तर हुबळीभोवती व पूर्वेस काळी. ही काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यात उथळ रोवलेल्या खांबास वर्षागणिक हलवीत राहते. माझ्या पहिल्या मांडवाचे खांब मी दीड फुटावर रोवले होते. दुसरा पावसाळा सरला तेव्हा चारही खांब चार दिशांना कलले होते. म्हणून ज्यांची जमीन काळी आहे त्यांनी वैशाखात, भेगा उघड्या असताना, खड्डे खणावे. माती किती खोल हलते याची साक्ष त्या भेगाच देतात. त्यांच्याखालपर्यंत जाऊन मुरूम व दगड ठासावे, त्यावर काँक्रीटची बैठक घ्यावी, आणि लाकूड मातीला न टेकता लोखंडी पट्टीवर उभे राहील असा बंदोबस्त करावा. दांडेलीचे जंगल जवळ असल्यामुळे साग आणि बांबू या दोहोंशी या मुलखाचा जुना परिचय आहे. पण बांबू वापरायचा तर तो पावसाळा संपल्यावर तोडलेला आणि बोरॅक्स व बोरिक अॅसिडच्या द्रावणात मुरवलेला असावा, अन्यथा पोरकिडा त्याचे पीठ करतो. सांधे खिळ्यांनी न जोडता बोल्टांनी आवळावे. कारण भर पावसात भिजलेल्या मधुमालतीचे ओझे किती वाढते, याचा अंदाज कोरड्या दिवसांत येत नाही.

यावर कोणी म्हणेल की वेल पानगळ करतो, किडामुंगी आणतो, पावसात आसरा देत नाही, आणि शिवाय माथा भरायला दोन-तीन वर्षे घेतो. हे सर्व आक्षेप खरे आहेत, आणि ते मान्य करूनही मी वेलीचीच बाजू घेतो. पावसात बसायला घर आहेच. परसू हे घराचा आणखी एक खण नव्हे, ऋतू जेथे अंगाला लागतात अशी ती घरातली एकमेव जागा आहे. फरशी आणि पत्रा यांनी ती झाकली की पावसाचे पाणी मातीत न जिरता गटारात जाते, आणि घराला लाभलेली एवढीशी जमीन केवळ दस्तऐवजातल्या मोजणीपुरती उरते.

तेव्हा कागदावर आधी नकाशा काढावा, १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद एवढाच का होईना. मजुरास बोलावण्यापूर्वी दोन-चार दिवस सकाळ, दुपार आणि संध्याकाळची सावली दोरीने जमिनीवर आखून पाहावी. खांब मृगापूर्वी उभे राहावेत, आणि मृगाच्या पहिल्या ओलीत त्यांच्या बुंध्याशी जुईचे रोप लावावे.