रक्तदाब दोन्ही हातांवर मोजावा

हासळीच्या हाडाखालून जाणारी सबक्लेव्हियन धमनी हाताला रक्त पुरवते. तिचीच एक शाखा मानेतून मेंदूकडे जाते. १९४४ साली बाल्टिमोर येथे डॉ. ब्लालॉक यांनी हृदयदोषाने निळसर पडलेल्या एका बालिकेची हीच धमनी फुप्फुसाच्या धमनीस जोडली. हाताला आजूबाजूच्या लहान धमन्यांतून रक्त मिळत राहिले.

उतारवयात ही धमनी, बहुधा डावी, आतून अरुंद होऊ शकते. मग त्या हातावर रक्तदाब प्रत्यक्षाहून कमी दिसतो आणि उपचार अपुरे पडतात. हाताने काम करताना हात दुखतो, क्वचित चक्करही येते.

म्हणून वाचकहो, घरातील ज्येष्ठांचा रक्तदाब एकदा दोन्ही हातांवर मोजावा. वरच्या आकड्यात वारंवार १५ हून अधिक फरक आढळल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. पुढे मात्र जास्त आकडा दाखवणाराच हात प्रमाण मानावा.