मोजपट्टी रुग्णाच्या हाती!

सेवा सुरक्षित होती की नाही, हे ठरविणार कोण? न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांचे उत्तर होते, रुग्ण! 'सांस्कृतिक सुरक्षितता' हा त्यांचा विचार तेथील नर्सिंग कौन्सिलने १९९२ साली परिचर्या शिक्षणात आणला. वृत्तपत्रांतून ओरड झाली, पण विचार टिकला. २००३ च्या कायद्याने सांस्कृतिक क्षमतेची मानके ठरविणे बंधनकारक झाले. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात माओरींशी आदराने वागण्याची क्षमता स्पष्टपणे नोंदविली गेली.

आमच्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात अपमान करणाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. शिक्षा देताना ते ठीक. पण परिचारिकेला परवाना देताना कसोटी कोणाची? आमच्या मते, खाटेवरच्या माणसाचीच! बांधवांनो, सन्मान ही मेहेरबानी नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे.