पहिली संगणक-भाषा कोणाच्या सोयीची? डार्टमथपासून पाबळपर्यंत

१/ शाळेत मुलांना पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कोणती शिकवावी, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. एका गटाला सी हवी, दुसऱ्याला पायथन. ठोकळे जोडून प्रोग्रॅम रचण्याच्या स्क्रॅचला दोघेही खेळणे समजतात. या वादाचे उत्तर साठ वर्षांच्या इतिहासात आहे आणि त्याचा एक धागा शिरूर तालुक्यातील पाबळला येऊन मिळतो. #थ्रेड

२/ १ मे १९६४. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी घडवलेली बेसिक भाषा प्रथम चालली. तोवर संगणक हा शास्त्रज्ञ व अभियंत्यांचा प्रांत होता. साहित्य वा इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही तो हाताळता यावा, हाच या भाषेचा हेतू होता.

३/ १९६७ साली वॉली फॉयरझाइग, सिमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांची लोगो ही भाषा थेट लहान मुलांसाठी होती. पुढे तिच्यात कासव आले: मूल आज्ञा देई, कासव चाले आणि त्याच्यामागे रेषा उमटे. चौकोन वाकडा आला तर चूक कुठे झाली, हे मुलाला स्वतःच दिसे. शिक्षकाच्या लाल शाईची गरज उरत नसे.

४/ आता सीचा जन्म पाहावा. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ती युनिक्स ही संगणकप्रणाली लिहिण्यासाठी घडवली. तिचा वापरकर्ता मुरलेला व्यावसायिक होता. सी थोर भाषा आहे, यात शंका नाही. परंतु बारा वर्षांचे मूल तिच्या कर्त्याच्या मनातही नव्हते. लोहाराचा घण उत्तम असतो म्हणून तो बालवाडीत नेत नाहीत.

५/ नवशिक्यांच्या भाषांवर टीकाही झाली. १९७५ साली एड्सखर डाइक्स्ट्रा या विख्यात संगणकशास्त्रज्ञाने बेसिकवर जहाल प्रहार केला: तिने विद्यार्थ्यांच्या विचारांना कायमची वाईट वळणे लागतात, असा त्याचा आशय होता. त्या काळच्या बेसिकबाबत या टीकेत तथ्य होते. मात्र बेसिकवर हात बसवलेल्या पुढच्या पिढीतूनच असंख्य निष्णात प्रोग्रॅमर घडले.

६/ भारतात हा प्रश्न १९८४-८५ मध्ये शाळेच्या दारात आला. ‘क्लास’ या केंद्रीय प्रकल्पातून सुमारे २५० शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यांची अंगभूत भाषा बेसिक होती. ब्रिटनमध्ये या यंत्रासोबत दूरचित्रवाणी मालिका आणि पुस्तके आली होती. मराठी माध्यमाच्या मुलाला तसा आधार कुठून मिळणार? भाषा सोपी होती. तिच्याभोवतीचे शिक्षण उभे राहिले नव्हते.

७/ त्यानंतर अभ्यासक्रमांत भाषा बदलत गेल्या. राज्य मंडळाच्या बारावीला अनेक वर्षे सी प्लस प्लस होती. सीबीएसईने गेल्या दशकाच्या अखेरीस सी प्लस प्लसकडून पायथनकडे मोहरा वळवला. प्रत्येक वेळी युक्तिवाद एकच: बाजारात हिला मागणी आहे. सहावीतील मूल बाजारात पोहोचेपर्यंत दहा वर्षे जातात. तोवर मागणी कुठे असेल, हे कोणताही तज्ज्ञ छातीठोकपणे सांगू शकत नाही.

८/ बेसिक शाळांत येण्याच्या सुमारासच, १९८३ साली, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. उद्योगातील संशोधनाचे मोठे पद सोडून ते या कोरडवाहू भागात आले. हाताने काम करता करता शिकणे, हे त्यांचे सूत्र. मुले वेल्डिंग, शेती, वीजजोडणी करीत आणि त्या कामातून विज्ञानाकडे जात. पुढे याच पाबळला एमआयटीबाहेरील अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक उभी राहिली.

९/ पॅपर्ट आणि कलबाग यांच्यात सातासमुद्रांचे अंतर होते. निष्कर्ष मात्र एकच निघाला. वस्तू आधी, व्याख्या नंतर. आपली चूक डोळ्यांना दिसली तर मूल ती आपणहून दुरुस्त करते. पहिल्या संगणक-भाषेची कसोटी हीच असायला हवी.

१०/ दौंड तालुक्यातील गुऱ्हाळात हा तर्क रोज चालतो. काहिलीत रस उकळतो. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहतो. होत नसेल तर आटवणे सुरूच. झाली की काहील उतरवायची. प्रोग्रॅमिंगमधील ‘अट पुरी होईपर्यंत पुन्हा करा’ ते हेच. विहिरीवरच्या मोटारीचा ‘ऑटो’ही तसाच: लाइट आली तर मोटार सुरू. ज्या मुलाने हे पाहिले आहे, त्याला तर्क नव्याने शिकवायचा नाही. फक्त तो लिहायला शिकवायचा आहे.

११/ त्याच मुलापुढे पहिल्या तासाला सी ठेवली की काय होते? एक ओळ पडद्यावर आणण्यासाठी चार-पाच ओळींचा मंत्र, ‘याचा अर्थ पुढे कळेल’ हे आश्वासन, एक अर्धविराम राहिला की इंग्रजीतील दुर्बोध सूचना. मूल निष्कर्ष काढते: हे आपल्यासाठी नाही. दोष भाषेच्या निवडीचा. शिक्षा मुलाच्या आत्मविश्वासाला.

१२/ आक्षेप येतो: गावातील मुलाकडे वेळ कमी, त्याला थेट नोकरीची भाषा द्या. तर रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींकडेच पाहावे. अशा कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रांना आज्ञा देणाऱ्या पीएलसी नियंत्रकांची एक प्रमुख भाषा आहे ‘लॅडर’. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे नियंत्रक आले, तेव्हा इलेक्ट्रिशियनला आधीपासून ठाऊक असलेल्या रिले-आकृतीवरच ती बेतली गेली. उद्योगाने कामगाराच्या ओळखीच्या गोष्टीपासून आरंभ केला. शाळेने तेवढेही करू नये?

१३/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सीमुळे स्मृती कशी वापरली जाते, यंत्र आतून कसे चालते, हे कळते. मान्य. म्हणूनच सी शिकवावी. अकरावीत, जेव्हा ‘आत काय चालते?’ हा प्रश्न विद्यार्थी स्वतः विचारू लागतो. प्रश्नाआधी दिलेले उत्तर केवळ पाठ होते.

१४/ म्हणून क्रम स्पष्ट आहे. सहावी-सातवीत स्क्रॅच: २००७ साली आलेली ही भाषा लोगोचीच वारसदार आहे. तिला खेळणे म्हणणाऱ्यांनी कासवाचा इतिहास वाचावा. आठवीपासून पायथन: तिचे मूळ असलेली एबीसी ही डच भाषा बेसिकला पर्याय म्हणूनच घडली होती. शिवाय पायथनमध्ये ‘पाणी’, ‘मोटार’ अशी नावे देवनागरीतही देता येतात. सी त्यानंतर.

१५/ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यावर कोडिंग आणले आहे. आता निवड बाजाराच्या धाकाने झाली, तर पुढच्या दशकात पुन्हा भाषा बदलेल आणि पुन्हा शिरूर-दौंडची मुले ‘जमत नाही’ म्हणत मागच्या बाकावर सरकतील. ती शिकणाऱ्याकडे पाहून झाली, तर भाषा बदलली तरी विचार करण्याची सवय टिकेल. पाबळने ही वाट चाळीस वर्षांपूर्वीच दाखवली आहे.

(समाप्त)