बातमीत नाव कोणाचे?

संस्थेत एखादा कार्यक्रम पार पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र हाती येईपर्यंत आपणा कोणालाच चैन पडत नाही. स्थानिक पानावर चार ओळी दिसल्या तर समाधान. न दिसल्या तर पत्रकारांविषयी तक्रार. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती तक्रार थोडी आपल्याकडे वळवून पाहावी, असे मला वाटते. बातमी येत नाही याला वर्तमानपत्रे जबाबदार असतीलही. पण आलेल्या बातमीत आपली मुले नसतात, याला बहुतेक वेळा आपणच जबाबदार असतो.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका निवासी शाळेतील विज्ञान प्रदर्शनाची बातमी छापून आली. तीत उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि आभार मानणारे, अशी अकरा नावे होती. फाउंड्रीतील टाकाऊ वाळूपासून विटा तयार करून दाखवणाऱ्या मुलीचे नाव मात्र नव्हते. तिने ते कात्रण दोनदा वाचले आणि घडी करून परत दिले. चूक वार्ताहराची नव्हती. त्याला पाठवलेला मजकूर मीच लिहिला होता, आणि त्यातही तिचे नाव नव्हते.

आपल्या शिरोलीपासून थोड्याच अंतरावर, याच हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तेथे दक्षिण महाराष्ट्रातील बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अठ्ठावीस वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. तेव्हा माणगाव हे कागल जहागिरीतील एक खेडे होते. त्या खेड्यातील दोन दिवसांचा वृत्तांत आज आपण वाचू शकतो, कारण तो त्याच वेळी कोणीतरी लिहून छापला. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’ पाक्षिकाने १० एप्रिलच्या अंकात त्याला जागा दिली. या पत्राला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. उलट, ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे नमूद केले आहे.

या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. दुसऱ्याच्या पानावर जागा मिळणे हा आपला हक्क आहे आणि तो आग्रहाने मागितला पाहिजे. मात्र ती जागा मिळो न मिळो, आपल्या घटनेची नोंद आपण ठेवलीच पाहिजे.

मागायचे कसे, हेही शिकावे लागते. आपल्या भागातील वार्ताहराकडे औद्योगिक वसाहत, महामार्गावरील अपघात, पंचगंगेचा पूर आणि आसपासच्या ग्रामपंचायती, असे सारेच असते. त्याला कार्यक्रमाआधी चार दिवस कळवावे आणि त्यात नवे काय आहे ते एका वाक्यात सांगावे. वृत्त त्याच दिवशी, पान लागण्यापूर्वी पोहोचवावे. पहिल्या परिच्छेदात काय घडले ते यावे. पाहुण्यांची नावे शेवटी आली तरी त्यांचा मान कमी होत नाही. दीपप्रज्वलनाच्या रांगेऐवजी हातात काम असलेल्या मुलाचे छायाचित्र द्यावे. नावे आणि आडनावे शुद्ध लिहावीत. उपस्थिती दोनशे असेल तर दोनशेच लिहावी. सम्यक वाचेचा पाठ मुलांकडून म्हणवून घेणाऱ्यांनी बातमीत आकडा फुगवणे शोभत नाही.

आणखी एक पथ्य मला फार महत्त्वाचे वाटते. सहानुभूती मिळावी म्हणून आपण ‘गरीब’, ‘निराधार’, ‘उपेक्षित’ ही विशेषणे सहज वापरतो. देणगीदाराला ती हलवत असतील. पण तेच कात्रण वसतिगृहाच्या फलकावर लागते आणि मुले ते वाचतात. मुलांची ओळख त्यांच्या अभावावरून नव्हे, त्यांच्या कामावरून व्हावी. ‘जाहिरात द्या, मग बातमी पाहू’ असे कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. विकत घेतलेल्या कौतुकाने मुलांना चुकीचा धडा मिळतो.

म्हणूनच माझी एक सूचना आहे. प्रत्येक कार्यक्रमासाठी आठवी-नववीतील दोन विद्यार्थ्यांना वृत्तलेखनाचे काम द्यावे. कोण बोलले, काय बोलले, कोणी काय करून दाखवले, हे त्यांनी त्याच रात्री लिहावे. शिक्षकांनी तपासलेली एक प्रत वर्तमानपत्राकडे जावी आणि दुसरी वर्षाच्या वहीत बांधली जावी. वर्तमानपत्राने छापले तर आनंदच आहे. न छापले तरी पुढची स्मरणिका काढताना आपल्याला आठवणींवर विसंबावे लागणार नाही.

विटा करणाऱ्या त्या मुलीचे नाव कोणत्याच वहीत राहिले नाही. निदान पुढच्या मुलीचे राहावे.