जर्नल पूर्ण, प्रयोग बाकी

मेकॅनिकल शिकून सॉफ्टवेअरमध्ये आलेल्यांची पुण्यात काही कमी नाही. आमच्या टीममध्येच मी धरून तिघं आहोत, त्यातले दोघं मराठवाड्यातले. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत विषय फिरून फिरून कॉलेजच्या लॅबवर येतोच. सध्या निमित्त आहे नव्या अभ्यासक्रमांचं. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम बदलताहेत आणि जिथे तिथे 'हँड्स-ऑन', 'स्किल' हे शब्द पेरलेले दिसतात. चांगलं आहे. पण बदलायचं नक्की काय? माझं मत आधीच सांगून टाकतो. नवी मशिनं नंतर घ्या, आधी विद्यार्थ्याला विचारला जाणारा प्रश्न बदला.

ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वीस जणांची बॅच, एक व्हेंचुरीमीटर. दोघं व्हॉल्व्ह फिरवतात, एक जण मॅनोमीटर वाचतो, एक जण स्टॉपवॉच धरतो आणि उरलेले सोळा जण रीडिंग उतरवून घेतात. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं: कोएफिशंट ऑफ डिस्चार्ज ०.९५ ते ०.९८च्या आसपास यायला हवा. ०.८१ आला तर? मागच्या वर्षीचं जर्नल उघडायचं आणि उलटं गणित करून रीडिंग 'बसवायचं'. ड्रॉइंगच्या शीटला जीटी मारायची (काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट छापायची!) आणि जर्नलला हे. मी शिकलो त्या कॉलेजात एका सरांनी असं ०.८१चं पान 'नीट करून आण' म्हणून परत केलं होतं. नीट म्हणजे काय, ते सगळ्या बॅचला कळलं.

खरं तर त्या दिवसाचं सगळ्यात कामाचं रीडिंग तेच होतं. मॅनोमीटरच्या नळीत हवा अडकली होती का? मोजणीच्या टाकीचा कॉक गळत होता का? घशात क्षार बसले होते का? ही शोधाशोध म्हणजेच इंजिनिअरिंग. आम्ही सॉफ्टवेअरवाले तिला डिबगिंग म्हणतो आणि बराचसा पगार त्याचाच घेतो.

हे रडगाणं फक्त आपलं नाही. नोबेलविजेते कार्ल वीमन आणि नताशा होम्स यांनी जानेवारी २०१८च्या 'फिजिक्स टुडे'मध्ये अमेरिकेतल्या फिजिक्सच्या लॅबबद्दल लिहिलं होतं. वर्गात शिकवलेलंच पक्कं करण्यासाठी चालवलेले नऊ लॅब कोर्स त्यांनी तपासले. विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या मार्कांवर त्या लॅबचा मोजता येईल असा परिणाम दिसला नाही. म्हणजे इतका खटाटोप करून थिअरीसुद्धा पक्की होत नाही. लॅबचा उपयोग मुलांनी स्वतः निर्णय घ्यावेत, चुकावं आणि परत करून बघावं यासाठीच आहे.

आणि आपल्याकडे तर याची जास्त गरज. लातूर पॅटर्नमधून घासूनपुसून आलेली मुलं ठरलेल्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर कुणाहीपेक्षा पटकन देतात. ती मेहनत खोटी नाही. पण ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे नाही असा प्रश्न त्यांना पहिल्यांदा कुठे भेटणार? लॅबमध्येच ना!

बरं, प्रश्न शोधायला लांब जायला नको. नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी कॉलेज १९८१ सालापासून विष्णुपुरीला आहे, आणि गोदावरीचं पाणी पंपाने उचलणारा प्रकल्पही तिथलाच. लातुरात डाळमिल आहेत. रेल्वे कोच फॅक्टरीची पायाभरणी २०१८ साली झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पंप, मोटर, बेअरिंग, वेल्डिंग, सगळं घराशेजारी.

एक उदाहरण देतो. साधी ६२०५ नंबरची बेअरिंग, मोटर १४४० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. बाहेरच्या रिंगवर चरा असेल तर गोळ्या त्यावरून सेकंदाला साधारण ८६ वेळा जातात (२४ गुणिले ३.५८५, हा आकडा बेअरिंगच्या मापांवरून निघतो). काही शे रुपयांचा अॅक्सिलरोमीटर सेकंदाला हजार नमुने घेतो. चांगलीच खराब झालेली बेअरिंग डाळमिलमधून किंवा गॅरेजमधून मागून आणा, एक चांगली घ्या आणि मुलांना न सांगता बसवा. कुठली खराब आहे आणि कशावरून म्हणता, हा प्रश्न. यात डायनॅमिक्स आलं, मोजमाप आलं, थोडं प्रोग्रॅमिंग आलं. आणि मागच्या वर्षीचं जर्नल इथे निरुपयोगी :-)

यावर लोक म्हणतात, त्यापेक्षा व्हर्च्युअल लॅब घ्या. सरकारी व्हर्च्युअल लॅब्ज आहेत आणि कोविडच्या काळात त्यांचा आधारही झाला. तयारीला उत्तम. पण सिम्युलेशनचा कॉक गळत नाही. दुसरा आग्रह सीएनसीचा. जरूर घ्या, पण कव्हर घालून पाहुण्यांना दाखवायला नको. जुना लेथ आणि कानस मोडीत काढू नका. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, हे हाताला एकदा कळावंच लागतं.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: शिक्षक कमी, बॅच मोठ्या, परीक्षक बाहेरचे. म्हणून सगळं उलथवा असं मी म्हणत नाही. दहा प्रयोगांपैकी सहा तसेच ठेवा आणि उरलेल्या चारांच्या वेळात चार-चार जणांच्या गटाला एकच उघडा प्रश्न द्या. जर्नलमध्ये त्याच दिवशी पेनाने लिहिलेले कच्चे आकडे चालतील, फेअर कॉपी नको. मार्क उत्तराला कमी आणि 'हे रीडिंग असं का आलं?' याच्या उत्तराला जास्त. स्वायत्त कॉलेजांना हे स्वतः ठरवता येतं. लोणेऱ्याच्या विद्यापीठाशी जोडलेल्यांनी अभ्यास मंडळापुढे मांडावं.

कोच फॅक्टरी लातूरच्या दारात आली. तिथल्या कामासाठी माणसं बाहेरून आणायची की शेजारच्या कॉलेजातून घ्यायची, हे थोडंफार तरी या जर्नलांवर ठरणार आहे. बसवलेल्या रीडिंगवर पास झालेला पोरगा शेवटी आमच्याकडे पुण्याला कोड लिहायला येतो. त्याचं बरं चालतं, माझंही चाललंय. पण ज्याला खरंच मशिनवर काम करायचं होतं, त्याला निदान एकदा तरी ०.८१ लिहायची मुभा मिळायला हवी.