दुखत नाही, म्हणूनच दाखवा

सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत हे दृश्य नेहमीचे आहे. पंचेचाळीस-पन्नाशीची बाई येते, सोबत मुलगा किंवा सून असते. केसपेपरवर तक्रार लिहिलेली असते, 'छातीत गाठ'. किती दिवसांपासून आहे, असे विचारले की आधी उत्तर मिळते, 'झाले दोन-तीन महिने.' पडद्याआड तपासणी सुरू झाली, सोबतची मंडळी बाहेर थांबली, की खरा हिशेब कळतो. गाठ गेल्या दिवाळीपासून आहे. मधल्या काळात सोयाबीनची काढणी झाली, मुलीचे लग्न झाले, सासूचे आजारपण झाले. सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली, वरची कातडी आत ओढली गेली, काखेतही काहीतरी हाताला लागू लागले. इतके दिवस का थांबलात, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते, 'दुखत नव्हतं ना!'

स्तनाच्या कर्करोगात सर्वाधिक नुकसान या एका समजुतीने होते. दुखणे म्हणजे आजार आणि न दुखणे म्हणजे सारे ठीक, हा ठोकताळा ताप, पोटदुखी, दाढदुखी यांना लागू पडतो. इथे तो उलटा पडतो. पाळीच्या आधी स्तन जड होतात, दुखतात, गाठीगाठी लागतात. हे बहुतेकदा संप्रेरकांच्या चढउतारामुळे होते आणि पाळीनंतर कमी होते. कर्करोगाची सुरुवातीची गाठ मात्र बहुधा दुखत नाही. ती टणक असते, कडा ओबडधोबड असतात आणि पाळी येऊन गेली तरी ती जागची हलत नाही. म्हणून दुखऱ्या स्तनासाठी बाई लगेच दवाखाना गाठते आणि न दुखणारी गाठ घेऊन वर्षभर घरात राहते.

हा आजार आता क्वचित दिसणारा राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले आणि सुमारे 98 हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार सरासरी दहा वर्षे आधी गाठतो. म्हणजे मुले शाळा-कॉलेजात असताना, घराचा सारा भार अंगावर असताना.

गाठ किती वाढल्यावर बाई डॉक्टरांपर्यंत पोहोचली, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. देशातील कर्करोग नोंदणी केंद्रांनी रुग्णांचा पाठपुरावा करून काढलेले आकडे स्पष्ट आहेत. आजार स्तनापुरता मर्यादित असताना निदान झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 81 पाच वर्षांनंतर हयात होत्या. काखेतील गाठींपर्यंत किंवा आसपास पसरल्यावर हे प्रमाण 65 च्या आसपास आले. हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या अवयवांत गेल्यावर ते 18 वर घसरले. आजार तोच आणि देशही तोच. फरक मुख्यतः निदान कोणत्या टप्प्यावर झाले याचा.

फरक केवळ जगण्या-मरण्याचाही नाही. लहान गाठ लवकर सापडली तर अनेकदा फक्त ती गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून पूर्ण स्तन वाचवता येतो आणि नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, दिला जातो. अमेरिका आणि इटलीत झालेल्या अभ्यासांतील स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा केल्यावर 2002 मध्ये हे सिद्ध झाले, की योग्य रुग्णांत गाठ काढून शेक देणे आणि पूर्ण स्तन काढणे यांत आयुर्मानाच्या दृष्टीने फरक नाही. काही जणींची किमोही टळू शकते. उशीर झाला की शस्त्रक्रिया मोठी होते, किमोचे फेरे वाढतात, रोजगार बुडतो, घरातील कोणी ना कोणी महिनोन्‌महिने रुग्णालयाच्या आवारात मुक्कामाला राहते. सरकारी योजनेतून उपचारांचा खर्च भागला, तरी या बुडालेल्या दिवसांची भरपाई कोणी देत नाही.

मग लवकर सापडायचे कसे? तपासणी म्हटले की डोळ्यांसमोर मॅमोग्राफीचे यंत्र येते. ते उपयुक्त आहेच, विशेषतः पन्नाशीनंतर. परवडत असेल आणि सोय जवळ असेल तर चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी. पण तरुण वयात स्तनाचे ऊतक दाट असते आणि क्ष-किरणांत गाठ लपू शकते. शिवाय ही यंत्रे मुख्यतः शहरांत आहेत. तालुक्याच्या गावातल्या बाईला 'मॅमोग्राफी करून घ्या' एवढेच सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईतच शोधले गेले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये मुंबईतील वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या आणि त्यांच्याकडे यंत्रही नव्हते. उरलेल्या वस्त्यांमध्ये माहिती देऊन केवळ पाठपुरावा केला गेला. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण 47 टक्क्यांऐवजी 37 टक्के होते. पन्नास आणि त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयोगट एकत्र धरता घट 15 टक्के होती. संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती ठाम म्हणता येत नाही आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही. ही मर्यादा लपवण्याचे कारण नाही. तरीही प्रशिक्षित हात आणि काही मिनिटे एवढ्या भांडवलावर मिळालेले हे यश आपल्यासारख्या देशासाठी मोठे आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. घरच्या घरी दरमहा ठरावीक पद्धतीने स्वतःचे स्तन तपासण्याचा सल्ला अनेक वर्षे दिला गेला. चीनमधील शांघाय येथे कापड गिरण्यांतील सुमारे 2 लाख 66 हजार स्त्री कामगारांवर याचा अभ्यास झाला. स्वतपासणी शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. याचा अर्थ स्त्रीने स्वतःच्या शरीराकडे लक्ष देऊ नये असा नाही. आंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना नेहमीपेक्षा वेगळे काही जाणवते का, याची जाण हवी. त्यावर भागवून प्रशिक्षित व्यक्तीकडून होणारी तपासणी टाळू नये, एवढाच त्याचा अर्थ.

केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिशीपुढील स्त्रीची अशी हाताने तपासणी पाच वर्षांतून एकदा गावपातळीवरच्या आरोग्य यंत्रणेकडून व्हायची आहे. कागदावर व्यवस्था चांगली आहे. आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरतात, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, संशय आल्यास पुढे पाठवले जाते. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या स्त्रियांना विचारले गेले, तेव्हा आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी झाली आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया देशभरात अवघ्या 0.9 टक्के निघाल्या. शंभरात एकही नाही.

'स्तनात गाठ आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण करणे म्हणजे तपासणी नव्हे. जी गाठ बाईला स्वतःला कळलेली नाही, किंवा कळूनही सांगवत नाही, तीच तर शोधायची आहे. त्यासाठी उपकेंद्रात आडोसा हवा, पडदा हवा, तपासणारी स्त्री हवी आणि तिला नीट, पुन्हा पुन्हा दिलेले प्रशिक्षण हवे. आठवड्यातला एक वार ठरलेला हवा, म्हणजे बाई आठवडी बाजाराला आली की तपासून जाईल. दर ऑक्टोबरमध्ये शहरांतल्या इमारतींवर गुलाबी दिवे लागतात, फेऱ्या निघतात. जागृतीसाठी ते ठीक आहे. पण उपकेंद्रातल्या त्या पडद्याची जागा हे दिवे घेऊ शकत नाहीत.

गाठ सापडल्यानंतरचा रस्ताही तितकाच महत्त्वाचा आहे. हाताने तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि बायोप्सी या तिन्हींतून निदान पक्के होते. बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही इथे सांगायला हवे. भीतीपोटी न येणाऱ्या अनेकींची भीती एका भेटीत संपू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने देशांपुढे तीन उद्दिष्टे ठेवली आहेत. किमान 60 टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत सापडावेत, दवाखान्यात आल्यापासून 60 दिवसांत निदान व्हावे आणि किमान 80 टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. आपल्याकडे बाई सोनोग्राफीसाठी एकीकडे, बायोप्सीसाठी दुसरीकडे, अहवालासाठी तिसरीकडे फिरत राहते आणि एखाद्या फेरीनंतर येणेच बंद करते. जिल्हा रुग्णालयात या तपासण्या एका छताखाली व्हाव्यात आणि पुढे पाठवलेली बाई पोहोचली की नाही, हे कोणीतरी फोन करून विचारावे. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. जबाबदारी निश्चित करावी लागते.

'सुई टोचली की कॅन्सर पसरतो', 'चाकू लागला की माणूस जातो' या समजुतीही अनेकींना मध्येच परत फिरवतात. बायोप्सीने आजार पसरतो असा पुरावा नाही. तिच्याविना नेमके कोणते औषध लागू पडेल हेच कळत नाही. हा आजार संसर्गजन्यही नाही. रुग्णाचे ताट-भांडे वेगळे ठेवण्याचे काही कारण नाही.

उपचार संपले की बरे होण्याचा दुसरा टप्पा सुरू होतो आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. काखेतील गाठी काढल्यावर त्या बाजूचा खांदा आखडतो. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हापासून भिंतीवर बोटे चढवत हात वर नेण्यासारखे व्यायाम रोज करावे लागतात. काही जणींच्या हाताला सूज येते. शेतात, चुलीपाशी काम करणाऱ्या स्त्रियांनी त्या हाताला काटा, भाजणे, कापणे यांपासून जपावे. हात लाल झाला, सुजला, ताप आला तर लगेच दाखवावे. किमोने गेलेले केस पुन्हा येतात. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या आजारात रोजची गोळी किमान पाच वर्षे घ्यायची असते. 'आता बरं वाटतंय' म्हणून ती मध्येच सोडणे म्हणजे आजार परतण्याचा धोका वाढवणे. वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि ठरलेल्या तारखांची तपासणी चुकवू नये.

या काळात घरच्यांचे वागणे औषधाइतकेच मोलाचे ठरते. स्तन गमावलेली बाई आरशासमोर जायला कचरते, हळदीकुंकवाला जायचे टाळते, नवऱ्यापासून अंग चोरते. तिच्याशी बोलणे, तपासणीला सोबत जाणे, घरातली कामे वाटून घेणे यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. बऱ्या झालेल्या असंख्य स्त्रिया आज शिवणयंत्रावर, शाळेत, शेतात, कचेरीत पूर्ववत काम करत आहेत. त्यांनी आपल्या आजाराबद्दल चारचौघींत बोलले, तर 'कॅन्सर म्हणजे संपलं' हा समज जितका दूर होईल तितका कोणत्याही भाषणाने होणार नाही.

स्तनात किंवा काखेत गाठ, कातडी ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड नव्याने आत जाणे, त्यातून रक्त किंवा रक्तमिश्रित पाणी येणे, बोंडावरची न भरणारी जखम यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या पाळीनंतर गेले का ते फार तर एकदा पाहावे. पाळी थांबलेल्या स्त्रीने तर तेवढेही थांबू नये. आई किंवा बहिणीला हा आजार झाला असेल तर तपासणी केव्हा सुरू करायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. आणि घरातील पुरुषांनी एवढे करावे: बायको, आई, बहीण संकोचत 'काहीतरी लागतंय' म्हणाली, तर 'दुखतंय का?' असे विचारू नये. 'उद्याच दाखवून येऊ' असे म्हणावे.